संगणकाची हार्ड डिस्क बदलताना

शाळेतील संगणक सुरू होण्यास दहा मिनिटे घेऊ लागला, तर तो निकामी झाला असे समजू नये. पुष्कळदा उणीव हार्ड डिस्कची असते. तिची तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि माहिती शोधण्यात वेळ जातो. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारा भागच नसतो. म्हणून काम त्वरेने होते.

खरी अडचण निराळीच आहे. मराठी टंकलेखनाच्या जुन्या प्रोग्रामची सीडी बहुधा हरवलेली असते. प्रोग्रामच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीतही असतात. त्यामुळे नुसता फोल्डर उचलून नेल्यास तो सहसा चालत नाही. यास्तव संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत करावी. क्लोनझिला हा प्रोग्राम त्यासाठी विनामूल्य मिळतो. नवा ड्राइव्ह जुन्या डिस्कइतक्या किंवा अधिक क्षमतेचा घ्यावा.

प्रथम निकालपत्रके व दाखल्यांच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवाव्यात. मग नवा ड्राइव्ह जोडावा. ‘कोठून’ आणि ‘कोठे’ हे दोनदा वाचूनच प्रत सुरू करावी. उलट झाल्यास सारे पुसले जाते. पेठ-सुरगाण्याकडील शाळांनी पावसाळ्यात हे काम इन्व्हर्टरवर करावे. मध्येच वीज गेल्यास प्रत पुन्हा आरंभापासून करावी.

प्रत पूर्ण झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी, नवा ड्राइव्ह बसवावा व प्रत्येक प्रोग्राम उघडून पाहावा. जुनी डिस्क महिनाभर तशीच जपावी. नवी वही ताडून पाहिल्यावाचून जुनी कोणी फाडीत नाही. शेवटी बदलाची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत करण्यास विसरू नये.