ओव्यांची राखण

दिल्लीतील द्वारका या उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या घरी आज जाते सापडणे कठीण. महाराष्ट्राच्या खेड्यांतही विजेच्या गिरण्या आल्या आणि पहाटेची घरघर थांबली. तिच्याबरोबर जात्यावरच्या ओव्याही थांबू लागल्या. सासर-माहेर, बंधुप्रेम, विठ्ठलाची ओढ, मनात दडवलेले दुःख हे सारे स्त्रियांनी ओवीतून सांगितले होते. ते बहुतांशी कोणत्याही कागदावर नव्हते. गाणारी गेली की तिच्या ओव्याही जात.

पुण्यात राहून काम करणारे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. ओव्या हाती आल्या. पण आता त्यांची राखण कशी करायची, हा प्रश्न उभा राहिला. फीत कालांतराने खराब होते, संगणकाची तबकडी अचानक बंद पडते, आग आणि पूर तर काहीच शिल्लक ठेवत नाहीत.

यावर उपाय म्हणजे एकच ठेवा अनेक ठिकाणी ठेवणे. ही ध्वनिमुद्रणे द्वारकेजवळच्या गुरुग्राममधील लोकसंगीत-अभ्यासाच्या संग्रहालयात ठेवली गेली, फ्रान्समधील संग्रहातही पोहोचली आणि २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ती लोकांपुढे आणली. एका गावावर संकट आले, तरी दुसऱ्या गावातील प्रत सुरक्षित राहते.

हेच तत्त्व संगणकांच्या जाळ्यात अधिक बारकाईने वापरतात. त्याला वितरित साठवण म्हणतात. मोठ्या माहितीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या बहुधा तीन प्रती वेगवेगळ्या संगणकांवर ठेवतात. कोणता तुकडा कोठे आहे, याची सूची असते. प्रत्येक संगणक ठरावीक वेळाने आपण चालू असल्याची खूण पाठवतो. ती खूण आली नाही, तर त्याच्याकडील तुकड्यांच्या नव्या प्रती अन्य संगणकांवर आपोआप तयार होतात.

पूर्ण प्रत न ठेवताही माहिती वाचवता येते. समजा, एका संगणकावर ७ हा अंक आहे, दुसऱ्यावर ५ आणि तिसऱ्यावर त्यांची बेरीज १२. दुसरा संगणक बंद पडला, तरी १२मधून ७ वजा केले की ५ परत मिळतात. अशा गणिताने कमी जागेत काम भागते.

मात्र अनेक प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. एखाद्याने चुकून एक ध्वनिमुद्रण पुसले, तर जाळे ती चूकही निष्ठेने सर्व प्रतींपर्यंत पोहोचवते. म्हणून तारीखवार राखीव प्रती काढाव्या लागतात आणि त्यांपैकी एक तरी जाळ्यापासून अलग ठेवावी लागते. शिवाय त्या प्रतीवरून माहिती खरोखर परत मिळते का, हे अधूनमधून पडताळावे लागते. न पडताळलेली राखीव प्रत ही केवळ आशा असते.

समजा, द्वारकेतील एका नातीने सुट्टीत गावी जाऊन आजीची ओवी मोबाइलवर मुद्रित केली. एक प्रत मोबाइलमध्ये, दुसरी घरच्या तबकडीवर आणि तिसरी गावी काकांकडे ठेवली, तर ती ओवी सहसा हरवणार नाही. पण त्यासोबत आजीचे नाव, गाव आणि तारीख लिहायला हवी. नाहीतर आवाज उरेल. तो कोणाचा, हे सांगणारे कोणी उरणार नाही.

पाठगत प्रश्न
१. ‘अनेक प्रती म्हणजे बॅकअप नव्हे’, हे विधान स्पष्ट करा.
२. तुमच्या घरातील कोणता ठेवा जपावासा वाटतो? तो कोठे व कसा ठेवाल, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.