आई निघाली बंगळुरूला, बाबा राहणार पुण्यात

आत्यानं पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वर्षानुवर्षं वकिली केली. तिची भाची केतकी शाळेत शिकवते. केतकीच्या मैत्रिणीला बढती मिळून बंगळुरूला बोलावणं आलं आहे. तिचा सहा वर्षांचा मुलगा तिच्याकडेच असतो. मुलाचे वडील पुण्यात राहतात आणि दर रविवारी त्याला घेऊन जातात. दोघं काही वर्षं एकत्र राहिले, मग वेगळे झाले. लग्न कधीच झालं नाही.

केतकी : ती म्हणते, लग्नच नाही तर त्याचा हक्क कसला? सामान बांधायचं, शाळेचा दाखला काढायचा आणि निघायचं. आत्या, इतकं सरळ आहे का गं?

आत्या : निम्मं सरळ आहे. दोघं हिंदू आहेत ना?

केतकी : हो.

आत्या : मग १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम लागू. त्याच्या सहाव्या कलमात लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आई, आणि तिच्यानंतर वडील, असा क्रम दिलाय. लग्नातल्या मुलाच्या बाबतीत तो उलटा आहे, आधी वडील मग आई. म्हणजे तुझ्या मैत्रिणीचं स्थान एखाद्या विवाहित बाईपेक्षा कायद्यात जास्त भक्कम आहे. शाळाप्रवेश, दवाखान्यातलं संमतीपत्र, बँकेतलं खातं, कुठेही त्याच्या सहीवाचून अडू नये. कोर्टात दावा नसेल, कुठला हुकूम नसेल, तर बंगळुरूला जायला तिला आज कुणाची परवानगी काढावी लागत नाही.

केतकी : मग झालंच की!

आत्या : थांब. त्याच कायद्याचं तेरावं कलम म्हणतं की पालक ठरवताना मुलाचं हित सर्वांत वरचं. सहाव्या कलमातला क्रमसुद्धा त्याच्या खाली येतो. आणि लग्न झालं नाही म्हणून बापाला कोर्टाचं दार बंद आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम आहे, त्याखाली तो भेटीसाठी अर्ज करू शकतो, ताबाही मागू शकतो. कौटुंबिक न्यायालय म्हणजे फक्त नवरा-बायकोचं भांडण, असं लोकांना वाटतं. पण अज्ञान मुलाचं पालकत्व, ताबा आणि भेट हे सगळं त्या न्यायालयापुढे येतं, आईबाप विवाहित असोत वा नसोत.

केतकी : पण ताबा त्याला मिळेल का?

आत्या : मूल आईकडे व्यवस्थित वाढतंय, आई कमावती आहे, तर बहुधा नाही. भेटीचा हुकूम मात्र मिळू शकतो. दर रविवारी बापाबरोबर पर्वतीवर जाणारा मुलगा आहे तो. न्यायाधीश सर्वांत आधी हे बघतील की ते रविवार किती नियमित होते. वर्षातून एकदा खेळणं पाठवणारा बाप आणि हा बाप, दोघांना एका मापानं कोणी मोजत नाही.

केतकी : तो पैसे फारसे देत नाही म्हणे. त्यानं काही फरक पडतो?

आत्या : पोटगीचा हिशेब निराळा. लग्नाबाहेरच्या मुलालाही बापाकडून पोटगी मिळते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली मागायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ वं कलम आहे. ती मागायचा हक्क तिला आहे आणि तिनं मागावीच. पण पैसे देत नाही म्हणून मूल भेटवणार नाही, आणि भेटवत नाही म्हणून पैसे देणार नाही, या दोन्ही बाजू मी इतक्यांदा ऐकल्यात! दोन्हीत भरडला जातो तो पोरगा. कोर्ट एकाचा बदला म्हणून दुसरं थांबवत नाही.

केतकी : समजा ती काही न सांगता गेली. पुढे काय होईल?

आत्या : हे नीट ऐक, कारण खरी चूक इथे होते. पालकत्वाचा अर्ज कुठे करायचा, तर मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयात. १८९० च्या कायद्याचं नववं कलम. ती निघून गेली की तो पुण्यात अर्ज टाकणार, तिचा वकील म्हणणार मूल आता बंगळुरूला राहतं, त्याचा वकील म्हणणार अधिकारक्षेत्र चुकवायला रातोरात नेलं. तारखा पडत राहणार. मुद्द्याची गोष्ट, म्हणजे मुलानं बापाला कसं आणि केव्हा भेटायचं, ती राहते बाजूला. वर तिच्याविषयी न्यायाधीशाचं पहिलं मत काय होतं? ही बाई बापाला तोडायला बघतेय. ते मत पुसायला फार कष्ट पडतात.

केतकी : आणि तिच्या आधीच त्यानं अर्ज केला तर?

आत्या : तर बाराव्या कलमाखाली अंतरिम हुकूम मिळू शकतो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मूल या न्यायालयाच्या हद्दीबाहेर न्यायचं नाही, असा. आणखी एक कलम आहे, सव्विसावं. कोर्टानं ज्याला पालक नेमलंय त्यानं कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला हद्दीबाहेर हलवायचं नाही. तुझी मैत्रीण नैसर्गिक पालक आहे, नेमलेली नाही, म्हणून ते तिला थेट लागत नाही. पण पुष्कळ एकट्या आया कागद पक्का व्हावा म्हणून कोर्टाकडून पालकत्वाचा हुकूम घेतात आणि मग हे कलम त्यांच्या लक्षातच राहत नाही. हुकूम घेताना गाव बदलायची सर्वसाधारण परवानगी त्यातच मागून ठेवता येते. कायद्यात तशी सोय आहे.

केतकी : हुकूम घ्यायचा म्हटलं तर त्याला नोटीस जाणारच ना?

आत्या : यावर २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. दिल्लीतली एक अविवाहित ख्रिश्चन आई, सुशिक्षित, नोकरी करणारी. गुंतवणुकीवर आणि विम्यावर मुलाचं नाव नॉमिनी म्हणून घालायला गेली. तिला सांगितलं, बापाचं नाव द्या नाहीतर पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा. ती कोर्टात गेली, तर कोर्ट म्हणालं, आधी बापाला नोटीस. तो त्या मुलाच्या आयुष्यात कधीच नव्हता. खालचं कोर्ट झालं, उच्च न्यायालय झालं, दोन्हीकडे हरली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती विक्रमजित सेन यांनी निकाल दिला की अशा बापाला नोटीस न देताही आईचा अर्ज ऐकता येतो. त्याच निकालात जन्मदाखल्यासाठी अविवाहित आईचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरायला सांगितलं. मला त्यातली आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपला बाप कोण हे कळायचा हक्क मुलाचा आहे, म्हणून न्यायालयानं बापाचं नाव तिच्याकडून घेतलं आणि पाकिटात सीलबंद करून ठेवलं. न्यायालयाच्या हुकमाशिवाय ते उघडायचं नाही. आईचा खासगीपणा राखला आणि मुलाचा हक्कही.

केतकी : म्हणजे हिनंही नोटीस न देता हुकूम घ्यावा?

आत्या : नाही, मुळीच नाही. तो निकाल परागंदा बापाचा. दर रविवारी दारात उभ्या राहणाऱ्या बापाला लपवून हुकूम घेतलास तर तो टिकायचा नाही.

केतकी : नोकरीसाठी मूल घेऊन जायला कोर्ट हो म्हणतं का? की ‘आईनं इथेच नोकरी बघावी’ असं ऐकवतात?

आत्या : पूर्वी ऐकवायचे. आता तितकं नाही. आपल्या पुण्याचंच प्रकरण आहे, २०२२ चं. आईला पोलंडमधल्या क्राको शहरात दोन वर्षांचं काम मिळालं, मुलगी नऊ वर्षांची. कौटुंबिक न्यायालयानं परवानगी नाकारली. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी ती दिली. वडिलांनी शेजारच्या युक्रेन-रशिया युद्धाचीही भीती घातली होती. न्यायालयाचं म्हणणं असं की मूल की नोकरी, यातलं एक निवड असं आईला सांगता येणार नाही. पण वडिलांच्या प्रत्यक्ष भेटी आणि व्हिडिओ कॉल त्या हुकमात बांधून दिले. हे विवाहित जोडपं होतं, तरी विचार करायची रीत तीच लागू पडते. त्याआधी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका आईला मुलाला ऑस्ट्रेलियाला न्यायची मुभा दिली. न्यायमूर्ती स्वतः त्या मुलाशी बोलले. ताब्याचे हुकूम कायमचे गोठलेले नसतात, परिस्थिती बदलली की बदलता येतात, हेही तिथे सांगितलं.

केतकी : सहा वर्षांच्या मुलाला विचारतात का, कुणाकडे राहायचंय म्हणून?

आत्या : असं सरळ विचारू नये, आणि चांगले न्यायाधीश विचारत नाहीत. दालनात बोलावतात, काळा कोट बाहेर. शाळेत बाई कोण, डब्यात काय असतं, रविवारी काय करतोस, असं. समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तरच कायदा ती विचारात घेतो. सहाव्या वर्षी ते फार धरत नाहीत. पण पढवून आणलेलं मूल चटकन ओळखू येतं. ‘बाबा माझ्या हिताचा विचार करत नाहीत’ असं वाक्य पहिलीतलं पोर बोलत नाही. तुझ्या मैत्रिणीला सांग, मुलाला यात एक शब्दही शिकवायचा नाही.

केतकी : मग तिनं नेमकं करावं काय?

आत्या : आधी त्याच्याशी बोलावं. कौटुंबिक न्यायालयावरही तडजोडीचा प्रयत्न करायचं बंधन आहे, तिथे समुपदेशक असतात. मग आराखडा लिहून काढावा, आणि तो इतका बारीक असावा की पुढे भांडायला जागाच राहू नये. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल. फोन आई लावून देईल आणि खोलीतून बाहेर जाईल. प्रगतिपुस्तक दोघांना. आजारी पडला तर त्याच दिवशी निरोप. आठवडाभर आधी कळवून बाबा बंगळुरूला आले तर शनिवार-रविवार त्यांच्याकडे. गणपती पुण्यात, पुढच्या वर्षी बंगळुरूत. सुट्ट्यांचं तर तिनं शाळेचं वेळापत्रक हातात घेऊनच ठरवावं. कर्नाटकातल्या पुष्कळ शाळांत मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला थोडेच दिवस, आणि उन्हाळ्याची सुट्टी आपल्या आधी सुरू होते. ‘दिवाळीची सुट्टी बाबांकडे’ असं पुण्याच्या सवयीनं लिहिलं की बापाच्या वाट्याला येणार चार दिवस. प्रवासखर्च कोणाचा हेही लिहायचं. ती जास्त कमावणार असेल तर तिनं जास्त उचलावा, असं माझं मत. अंतर तिच्या निर्णयानं वाढतंय.

केतकी : हे तिला आवडणार नाही.

आत्या : नको आवडू दे. बढती घ्यायचा तिला पूर्ण हक्क आहे आणि मी तिच्या बाजूनं उभी राहीन. पण रविवार गमावणार तो पोरगा. त्याची भरपाई कुणीतरी करायला हवी ना? आणि बापाची आईही असेलच की. आजीचा फोन आला तर लावून द्यायचा, हेसुद्धा लिही म्हणावं.

केतकी : तो नाहीच म्हणाला तर?

आत्या : तर तोच आराखडा जोडून तिनंच पुण्याच्या न्यायालयात जावं. मी हे मागतेय, बापासाठी हे देतेय. बंगळुरूतलं घर कुठे, शाळा कोणती, ती ऑफिसला असताना मूल कोणाजवळ, नेमणुकीचं पत्र, सगळं लावायचं. अर्ज तिच्याकडून आला आणि मूल अजून पुण्यात आहे, एवढ्यानंही तिच्या प्रामाणिकपणाची साक्ष पटते. नोकरीवर रुजू व्हायची तारीख कंपनीकडून लांबवून घेता आली तर घ्यावी. सगळ्यात जास्त घाई तिथेच होते.

केतकी : आणि पुढे कंपनीनं परदेशी पाठवलं तर?

आत्या : मग गाठ आणखी अवघड. पासपोर्टला २०१६ च्या अखेरीपासून आईबापांपैकी एकाचं नाव चालतं, पण जन्मदाखल्यावर बापाचं नाव असेल तर त्याच्या संमतीचा प्रश्न येतो. शिवाय मुलं परदेशी पळवण्यासंबंधीचा १९८० चा हेग करार आहे, त्यावर भारतानं सही केलेली नाही. विधी आयोगानं २००९ मध्ये करा म्हणून सांगितलं होतं. लंडनमध्ये लग्नाशिवाय एकत्र राहणारी आपली मराठी मुलं-मुली असतात, त्यांनी तर फार जपावं. तिथे डिसेंबर २००३ पासून जन्मनोंदीत आईबरोबर नाव लावलेल्या अविवाहित बापाला पालकाची पूर्ण जबाबदारी मिळते. त्याच्या किंवा कोर्टाच्या संमतीवाचून मूल घेऊन मुंबईचं विमान पकडलं तर तो तिथे फौजदारी गुन्हा ठरतो. माहेरी जातेय, त्यात काय, असं वाटून बायका फसतात. इथं आल्यावर बाप हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मूल कोर्टापुढे हजर करा असा, अर्ज करतो आणि आपली न्यायालयं परदेशी हुकूम बघतात खरं, पण शेवटी मुलाचं हित काय हे स्वतः तपासतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये ते पक्कं केलंय. तोवर आईवर तिकडे वॉरंट निघालेलं असू शकतं.

केतकी : वकिलाची फी तिला जड जाईल म्हणते. बढतीचा पगार अजून सुरू झालेला नाही.

आत्या : अगं, विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि १५१०० हा फोन नंबर आहे. तिला म्हणावं, शाळेचा दाखला काढायच्या आधी तो नंबर लाव.