कानाला सापडेल तेवढंच

चि. ओंकार यास,


तुझ्या सहा गाण्यांसोबत द्यायची म्हणून लिहिलेली टिपणं दोनदा वाचली. मत विचारलंस म्हणून सांगते. भाषा नेटकी आहे, पण सहाही टिपणं एकाच साच्यातून निघाल्यासारखी वाटतात. कुठे अंधारं वळण आहे, कुठे आत काहीतरी तुटलं आहे, कुठे शब्द आपोआप वाहिले आहेत. आता पहिल्या गाण्याचं टिपण चौथ्याला लावून बघ, सहाव्याचं दुसऱ्याला. काहीही बिघडत नाही. म्हणजे ती त्या गाण्यांची नव्हेतच. माझं म्हणणं इतकंच, की गाण्यामागची प्रेरणा म्हणून तू जे सांगशील ते ऐकणाऱ्याला गाण्यात कानाने सापडलं पाहिजे. सापडत नसेल तर ती तुझी दैनंदिनी. ती खरी असेल, प्रामाणिक असेल, पण तिने गाण्याबरोबर यायचं काही कारण नाही.

तिसऱ्या गाण्याच्या टिपणात तू आजीच्या आठवणीने कासावीस झाल्याचं लिहिलं आहेस. त्यातून मला गाण्यात जास्त काहीच ऐकू आलं नाही. पण शेवटी, जवळजवळ कंसात टाकल्यासारखं, एक वाक्य आहे: ठेका तिच्या पायाच्या शिवणयंत्रावरून घेतला. ते वाचून गाणं पुन्हा लावलं, तर तो ठेका मध्येच का अडखळतो ते समजलं. कापडाची दुमड सुईखाली आली की यंत्र जड होतं, पाय रेटावा लागतो आणि शिवण पुढे गेली की एकदम सुटतं. कडव्याच्या शेवटी तुझा ठेका तसाच रेटतो आणि सुटतो. जात्यावरच्या ओवीचंही असंच आहे. तिची लय खुंट्याच्या फेऱ्याला बांधलेली असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना मागे दगड फिरतो आहे एवढं ठाऊक असलं, तरी ओळी वेगळ्या वाजू लागतात. दुःख सांगून हे होत नाही, कारण दुःख सगळ्या ओव्यांत आहे.

कुमार गंधर्वांचं उदाहरण तर समोरच आहे. १९४८ साली ते क्षयामुळे देवासला राहायला गेले आणि काही वर्षं गाणं बंद होतं. ऐन तारुण्यातला गवय्या, अंथरूण, खिडकीबाहेर माळवा. करुण कहाणीला आणखी काय लागतं? आपल्यापैकी कुणी असतं तर पुढच्या प्रत्येक मैफलीत तीच सांगितली असती. कुमारांनी आपल्या नव्या रागांना नाव दिलं ते मात्र 'धुनउगम', म्हणजे लोकधुनेतून उगवलेले. एवढ्यावर न थांबता त्यांनी माळव्याच्या लोकधुनांचा वेगळा कार्यक्रम केला आणि बंदिशी 'अनूपरागविलास' या ग्रंथात स्वरलिपीसह लोकांपुढे ठेवल्या. उगम आणि प्रवाह दोन्ही समोर. ज्याला कान आहेत त्याने जोडून बघावं. आजारपण त्यांच्या गाण्यात नाही असं मी म्हणत नाही. त्यांचा तो तुटक, झेप घेणारा आलाप ऐकताना श्वासाचा विचार मनात येतोच. पण तो विचार ऐकणाऱ्याने स्वतः करावा, यातच त्याची मजा आहे.

यातून दुसरी गोष्ट आपोआप येते. कानाला सापडेल असं सांगायचं ठरवलं, की पहिलं तोंडी येतं ते दुसऱ्याचं देणं. डिलनच्या 'ब्लोइंग इन द विंड'ची चाल 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गुलामगिरीच्या आठवणीतल्या गीतावर उभी आहे आणि हे त्याने स्वतः मान्य केलं आहे. गाण्यांचा अर्थ विचारणाऱ्यांना वर्षानुवर्षं चकवणारा हा माणूस २०१५ साली लॉस एंजेलिसच्या एका सत्कारात अर्ध्या तासाच्या आसपास बोलला. बोलला कशावर? तर 'जॉन हेन्री'सारखं लोकगीत असंख्य वेळा गायल्यावर आपलं कुठलं गाणं निघालं, यावर. अर्थावर तेव्हाही चकार शब्द नाही. आपल्याकडे 'इंडियन ओशन' या बँडने 'माँ रेवा' हे नर्मदेचं लोकगीत म्हणूनच लोकांपुढे आणलं. त्यांचा राहुल राम काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात होता, तेव्हा ते गाणं आलं कुठून याचा पत्ता नकाशावर दाखवता येतो. 'कंदिसा' हेही केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतलं जुनं प्रार्थनागीत. यामुळे त्यांची गाणी उसनी ठरली का? उलट मूळ ठाऊक असलेल्याला त्यांनी त्यात काय घातलं हे जास्त स्पष्ट ऐकू येतं. पाचव्या गाण्यातलं ध्रुवपद जर कुठल्या गावच्या बायकांकडून आलं असेल, तर 'मातीतून उगवलं' असं लिहू नकोस. मातीतून ज्वारी उगवते. गाणं माणसांकडून येतं. गावाचं नाव घाल, आणि बायकांची हरकत नसेल तर त्यांचीही घाल.

आता तू म्हणशील, खरोखरच चाल कुठून आली हे मला ठाऊक नसेल तर? हा आक्षेप वजनदार आहे. मॅकार्टनीला 'येस्टरडे'ची चाल झोपेतून उठताना सुचली. त्याने ती लगेच दैवी देणगी म्हणून मिरवली नाही. अंड्याच्या भुर्जीवरचे कामचलाऊ शब्द तिच्यात कोंबले आणि कित्येक दिवस भेटेल त्याला वाजवून दाखवत विचारत राहिला, ही कुणाची आहे का? कुणीच हक्क सांगितला नाही, तेव्हा कुठे ती त्याची झाली. त्याच्याच बँडमधल्या हॅरिसनची गोष्ट याच्या उलट. 'माय स्वीट लॉर्ड' आपण 'ओ हॅपी डे' या भक्तिगीतावरून सुचून केलं असं तो सांगत होता, आणि ते खोटं होतं असं मानायला काही कारण नाही. पण १९७६ साली न्यायालयाने निकाल दिला की चाल 'ही इज सो फाइन'ची आहे, नकळत उचललेली. (न्यायाधीश स्वतः ऑपेरा रचणारे संगीतकार होते. तिथे 'सूर असेच असतात' ही सबब चालण्यासारखी नव्हती.) म्हणजे प्रामाणिकपणे आठवलेली प्रेरणाही अपुरी असू शकते. म्हणूनच तर मनातल्या उगमापेक्षा ऐकू येणाऱ्या उगमावर मी भर देते आहे. मनाची साक्ष कुणी तपासू शकत नाही, आपण स्वतःही नाही. चाल मात्र चारचौघांच्या कानांवर घालून तपासता येते.

दुसरा आक्षेप असा, की अर्थ सांगितला नाही तर लोक भलताच काढतील. काढतीलच. स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यू.एस.ए.' व्हिएतनामहून परतलेल्या आणि कुणालाच नको झालेल्या सैनिकाचं गाणं आहे, पण ध्रुवपद इतकं दणदणीत की लोकांनी ते देशाभिमानाचं गाणं म्हणून मुठी उंचावून म्हटलं. १९८४च्या निवडणुकीत तर रेगन यांनीही प्रचाराच्या भाषणात स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेची वाहवा केली. त्याने खुलासे केले, तरी गैरसमज काही हटला नाही. पुढे १९९५ साली सुरू झालेल्या दौऱ्यात त्याने तेच गाणं नुसत्या गिटारवर, ढोलताशा काढून टाकून म्हटलं, आणि त्या रूपात ते कुणालाही आनंदगीत वाटणं शक्य नव्हतं. दुरुस्ती करायची तर ती गाण्यातच करावी लागते. शिवाय घडलेली गोष्ट आणि गाण्याचा अर्थ यांचं नातं तू समजतोस तितकं सरळ नसतं. सुझान व्हेगाचं 'ल्यूका' हे मार खाणाऱ्या मुलाचं गाणं. नाव तिच्या इमारतीतल्या एका खऱ्या मुलाचं, पण तिनेच पुढे स्पष्ट केलं की त्या मुलाला मारहाण होत नव्हती. गाण्याला त्याचं नाव आणि थोडा वेगळेपणा पुरला, बाकीचं तिने घडवलं. 'सत्यघटनेवर आधारित' अशी पाटी लावली असती तर त्या बिचाऱ्या कुटुंबाचं काय झालं असतं?

राहिला पोटाचा प्रश्न. कंपनी नाही, जाहिरात नाही, फोनवर अंगठा सरकवणाऱ्या माणसाला थांबवायला काहीतरी कहाणी हवी, हे तुझं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्यातून आपल्या मराठी श्रोत्याला निवेदनाची सवय. शब्द अपुरे पडतात असं म्हणून पुढे दहा मिनिटं बोलणारा निवेदक आपण पिढ्यानपिढ्या सोसत आलो आहोत. पण कहाणी म्हणजे जखमच दाखवली पाहिजे असं कुठे आहे? रेमो फर्नांडिसने १९८४ साली 'गोवन क्रेझी' शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, वाद्यं आणि आवाज सगळं स्वतः करून ध्वनिमुद्रित केलं आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन विकल्या. इतकी वर्षं लोक ही कहाणी आवडीने सांगतात, आणि त्यात अश्रूचा थेंब नाही. पुढच्याच संग्रहाचं नाव त्याने 'ओल्ड गोवन गोल्ड' ठेवलं. जुनं ते जुनं, हे मुखपृष्ठावरच कबूल. तुझं शिवणयंत्र यापेक्षा कमी मजेदार नाही. त्या यंत्राचा आवाज तेवढा वीस सेकंद ऐकव आणि लगेच गाणं सुरू कर. मला वाटतं अंगठा थांबेल. न थांबला तर अंधाऱ्या वळणानेही थांबला नसता, कारण त्या वळणावर हल्ली फार गर्दी असते.

चौथ्या गाण्याचं टिपण पूर्ण काढून टाक. ते कुणाबद्दल आहे हे घरातल्या सगळ्यांना कळलं आहे, आणि तिला न विचारता ते छापायचा अधिकार तुला नाही. तिथे नुसती वाद्यांची नावं दे. तिसऱ्याचं ते शेवटचं वाक्य पहिलं कर आणि बाकीचं खोड. पाचव्याचं गाव शोधून काढ. आणि सहाव्याच्या अंतऱ्यात दुसऱ्या ओळीवर तू धैवतावरून खाली येतोस ना, ती जागा मला कुठल्या तरी जुन्या भूपाळीतली वाटते आहे. नाव आठवत नाही. गाणं बाहेर पडायच्या आधी ती ओळ गुणगुणून चारपाच जुन्या जाणत्यांना ऐकव आणि कुणाला काही आठवलं तर मला लगेच फोन कर.

तुझी,
आत्या