शास्त्राभ्यास : स्तोत्र १४५ यातील ‘नून’

सातारा व सांगलीकडील आपल्या वाचकांनी पवित्र शास्त्र उघडून स्तोत्र १४५ काढावे. त्यात वचने २१ आहेत. इब्री वर्णमालेत अक्षरे मात्र २२, आणि हे स्तोत्र वर्णक्रमाने रचिलेले आहे. मुले ‘क’नंतर ‘ख’ घोकतात, तद्वत् प्रत्येक वचन पुढच्या अक्षराने आरंभते. भाषांतरात हा क्रम लोपतो, म्हणून उणीव आपल्या ध्यानात येत नाही. मूळ इब्रीत १३ वे वचन ‘मेम’ने व १४ वे ‘सामेख’ने सुरू होते. मधला ‘नून’ नाही.

यहूदी लोक हे स्तोत्र नित्य प्रार्थनेत दिवसातून तीनदा म्हणतात. घाटाखालच्या कोकणातील बेने इस्राएल लोकांसाठी जोसेफ इझीकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी इब्री प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. त्या इब्री प्रार्थनेतही ‘नून’ नाही.

तलमूदात तिसऱ्या शतकातील रब्बी योहानान यांचे उत्तर आहे : आमोस ५:२ येथील इस्राएलाच्या पतनाचे वचन ‘नून’ने सुरू होते, म्हणून दाविदाने ते अक्षर वर्ज्य केले. उपदेश म्हणून हे गोड आहे, परंतु मूळ पाठ कोणता हे उपदेशाने ठरत नाही.

प्राचीन ग्रीक व सुरियानी भाषांतरांत येथे एक वचन अधिक आहे. देव बोलल्याप्रमाणे करितो व त्याच्या करणीत दया असते, असा त्याचा आशय. १९५६ साली मृत समुद्राजवळ कुमरान येथील ११ व्या गुहेत स्तोत्रांची गुंडाळी सापडली, ती जे. ए. सँडर्स यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. तीत हेच वचन इब्रीत आहे, आणि ते ‘नून’नेच आरंभते! ही गुंडाळी पहिल्या शतकातली, म्हणजे जुन्या कराराच्या पूर्ण इब्री प्रतींहून सुमारे ९०० वर्षे जुनी.

तरीही वाद मिटत नाही. ह्या वचनाचा उत्तरार्ध १७ व्या वचनाच्या उत्तरार्धाशी शब्दशः जुळतो. तेव्हा कोणी उणीव पाहून मागाहून भर घातली काय, ही शंका रास्त आहे. स्तोत्र २५ व ३४ यांतही ‘वाव’ गळलेला आहे. आमच्या मते मात्र, बाकीची २१ अक्षरे यथाक्रम असता व तीन भाषांतील साक्षी जुळत असता, वचन मुळात होते आणि नकलताना सुटले, हाच पक्ष बळकट. यहूदी लेखकांस ही रिकामी जागा ठाऊक होती, तरी त्यांनी पदरचे एक अक्षरही घातले नाही. हे त्यांच्या सचोटीचे द्योतक होय.

वर्णक्रम पाहू इच्छिणाऱ्यांनी स्तोत्र ११९ घ्यावे. तेथे प्रत्येक अक्षरास आठ वचने आहेत, आणि १०५ ते ११२ ही ‘नून’ची.