पहिलं वर्ष रंगाला हात लावायचा नाही

बाळा, तुमच्या लातूरच्या कॉलेजच्या आवारात जुनं मिग-२१ येणार आणि त्याची डागडुजी तुम्ही पोरंपोरीच करणार, हे तू फोनवर सांगितलंस आणि इथं नांदेडात बसल्या जागी माझे हात शिवशिवले. हवाई दलात एअरफ्रेम फिटर म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. जे काही येतं ते एका वॉरंट ऑफिसर उस्तादांनी शिकवलेलं. मिग-२१ हे विमान १९६३पासून हवाई दलात होतं, २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला त्याला शेवटचा निरोप दिला. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला ही विमानं शेकड्यांनी बांधली गेली. म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या विमानावर कदाचित मराठी कामगाराचाच हात फिरलेला असेल. तेव्हा जपून.

विमान ट्रेलरवरून उतरलं की फोटो काढायच्या आधी कागद मागायचा. वैमानिकाच्या खुर्चीखाली बारुदाची काडतुसं असतात, संकटात तीच त्याला खुर्चीसकट बाहेर फेकतात. वरची काच उडवायलाही तशीच व्यवस्था असते. निवृत्त विमानातून ती काढलेली असायला हवीत. पण 'असायला हवीत' यावर कुणाला खुर्चीत बसू द्यायचं नाही. काढल्याचं लेखी हातात येईपर्यंत कॉकपिटला दोरी बांधून ठेवायची, मग प्राचार्यांचा नातू रडला तरी चालेल. चाकांच्या पायात दाबाखाली वायू भरलेला असतो. तो सोडल्याशिवाय तिथल्या एकाही नटाला पाना लावायचा नाही. आणि त्या काळच्या कित्येक डायलांवर अंधारात चमकायला रेडियमचा रंग दिलेला असे. चमक कधीच विझलेली असते, पण रेडियमचा जोर निम्मा व्हायलाच १६०० वर्षं लागतात. डायलची काच फोडायची नाही, आतला रंग खरवडायचा नाही. जाणकारानं मीटर लावून तपासल्यावरच पुढं जायचं.

आता मुख्य गोष्ट. पहिलं वर्ष रंगाला हात लावायचा नाही. सगळ्यांना रंगाचीच घाई होते. पाहुणे येणार, झेंडावंदन आहे, म्हणून चार डबे आणून फासतात. विमान लांबून नवं दिसतं आणि रंगाखाली गंज सुखानं वाढत राहतो. उस्ताद यावर कानपूरची गोष्ट सांगत. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथल्या धावपट्टीवर लिबरेटर नावाची चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं सोडून दिली होती, तीही कुणाला पुन्हा उडवता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. फाळणीनंतर आपल्याकडे बॉम्बफेकी विमानं नव्हती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारातून चाळीसेक विमानं उभी केली. कानपुरात त्यांनी फक्त बंगळूरपर्यंत जाण्यापुरतं केलं. एकाचा भाग दुसऱ्याला लावला, भोकं बुजवली, आणि जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकानं ती एकेक करून नेली. खरी दुरुस्ती बंगळूरच्या कारखान्यात झाली. ती विमानं १९६८ अखेरपर्यंत हवाई दलात होती. पुढं त्यातली काही परदेशी संग्रहालयांनी नेली, कारण जगात तसली फार थोडी उरली होती. आज कशाशिवाय अडतंय आणि उद्यावर काय ढकलता येतं, एवढं त्या माणसांना नेमकं कळत होतं. तुमचं आजचं अडलेलं काम म्हणजे आत शिरणारं पाणी थांबवणं.

त्या लिबरेटरांपैकी एक अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात आहे. तिकडं जुनी विमानं मुद्दाम ठेवतात, कारण हवा कोरडी. आपला मराठवाडा पिकाला कोरडा पडतो, पण अॅल्युमिनियमला तो मानवतो. गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथल्या माणसांना खाऱ्या वाऱ्याशी आणि धो-धो पावसाशी रोज झगडावं लागतं. तुम्हाला पावसाळ्याचे चार महिने सांभाळायचे आहेत. विमानाच्या पोटाला, पंखांच्या खालून पाणी निथळायला बारीक भोकं असतात. धूळ, जुना रंग आणि कुंभारमाशीची माती यांनी ती बुजतात. मग पाणी आत साठतं आणि पत्रा पापुद्र्यांनी सुटतो. एकेक भोक शोधा, वहीत चित्र काढून नंबर द्या, नायलॉनच्या जाड धाग्यानं मोकळं करा. पोलादी तार घालू नका.

धुताना लातूरच्या बोअरचं पाणी शेवटच्या हाताला वापरायचं नाही. जड पाणी वाळलं की क्षार सांध्यात बसतात आणि ओल धरून ठेवतात. पहिला हात बोअरच्या पाण्याचा चालेल, शेवटचा छतावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा. बादली आणि फडकं घ्या, पाइप लावू नका. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात विमानावर पाइप सोडणं मला बघवणार नाही.

चौथऱ्याचं एकच सांगतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं तर विमान एका अंगाला कलेल. ती काढून टाका, घट्ट थर लागेपर्यंत खाली जा, मुरूम दाबून भरा. आणि विमान साखळदंडानं बांधा, वळवाचा वारा आधी विचारून येत नाही.

पत्रा घासायला लोखंडी ब्रश किंवा भांड्यांची तारेची घासणी नको. लोखंडाचे कण अॅल्युमिनियममध्ये रुतले की ओलीत दोन धातूंची बॅटरी होते आणि त्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. याच कारणानं पत्र्यावर पेन्सिलनं खूण करायची नाही, शिसपेन्सिलीतलं ग्राफाइटही तेच करतं. हे मला कुणी सांगितलं नसतं तर आयुष्यभर पेन्सिलच कानावर ठेवून फिरलो असतो. रंगाखाली हिरवट-पिवळा थर दिसला तर तो झिंक क्रोमेट समजा. त्याची कोरडी धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सर होऊ शकतो. तो थर पाणी लावूनच घासायचा, तोंडावर चांगला मास्क हवा, साधा रुमाल नको. कॉकपिटच्या काचेला पेट्रोल किंवा थिनर दाखवूसुद्धा नका. ती पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकची असते, बारीक चिरा पडून आंधळी होते. भरपूर पाणी आणि मऊ सुती कापड एवढंच पुरे. मेमध्ये पारा ४२-४३ला जातो तेव्हा वर पांढऱ्या कापडाची सावली करा, आणि प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, आत वाफ कोंडते.

काढलेला प्रत्येक स्क्रू कापडी पिशवीत जायला हवा. पिशवीवर झाकणाचा नंबर, डावं की उजवं, तारीख आणि काढणाऱ्याचं नाव. संध्याकाळी हत्यारं मोजायची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझा एक स्क्रू-ड्रायव्हर कमी भरला. मी सांगितलं. उस्तादांनी विमान थांबवलं, रात्री अकराला तो कंट्रोलच्या दांड्यापाशी सापडला. ते ओरडले नाहीत. म्हणाले, सांगितलंस म्हणून उद्या कुणाचा तरी मुलगा सुखरूप उतरेल. तुमचं विमान उडणार नाही, तरी मोजायचं. सांगणाऱ्याला कधी रागवायचं नाही.

स्वेच्छेनं येणाऱ्या माणसांबद्दल मी विमानतळापेक्षा इथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जास्त शिकलो. तिथं मोठा व्यापारी निमूट ताटं घासतो, कारण त्याला जागा दाखवलेली असते आणि शेजारचा कसं घासतो ते दिसतं. तुमच्याकडे पहिल्या रविवारी चाळीस जण येतील, तिसऱ्याला सात. त्या सातांवर काम आखा. आदल्या दिवशीच फळ्यावर लिहा, कुणी काय करायचं, ते दोन तासांत पुरं होईल एवढंच. आलेल्या माणसाला हात बांधून उभं ठेवलं की तो परत येत नाही. घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांना बोलवा, विमानावरची कव्हरं त्यांच्याइतकी नीट कुणी शिवणार नाही. ओझरला काम केलेलं कुणी आसपास असेल तर त्याच्यासाठी खुर्ची आणि चहा आधी ठेवा, प्रश्न नंतर विचारा.

मृग लागायच्या आधी मी लातूरला येतो. तोवर भोकांची वही पुरी करून ठेव. डाव्या पंखाखालून सुरुवात कर, बॅटरी आणि आरसा जवळ ठेव, आणि वर बघताना डोळ्यांवर चष्मा लाव.