वाड्याचं हॉटेल करू नकोस, बाई

तुझा निरोप मिळाला, फोटोही पाहिले. अमळनेरच्या वाड्यातल्या दोन खोल्या एअरबीएनबीवर टाकायच्या म्हणतेस. टाक. नाही म्हणणारे घरात पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको. पण त्या इंटिरियरवाल्या मुलानं पाठवलेलं चित्र आधी मोबाइलमधून काढ. चौकावर काचेचं छप्पर, माजघराला फॉल्स सीलिंग, सागवानी खांबांना चकचकीत पॉलिश. माय वं! एवढं करायचं तर हायवेवर प्लॉट घे आणि सरळ लॉज बांध.

आपल्याकडच्या धाब्याच्या घराची खुबीच मुळी जाड भिंतीत आणि वरच्या मातीत आहे. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात तेव्हाही माजघरात पंख्यावर भागतं. धाबं पाडून स्लॅब टाकलास की तो गारवा गेला, आणि मग एसीचं बिल भरत बस. धाबं दर पावसाळ्याआधी मागतं ते खारी माती आणि दोन जाणती माणसं. ती माणसं गावात अजून आहेत तोवर त्यांना धर. भिंतींना सिमेंटचा गिलावाही नको. मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते. सिमेंटनं ती वाट बंद होते, मग पोपडे धरतात आणि तुळयांची टोकं कुजतात. चुनाच लाव, नीट मुरवलेला. वेळ लागेल, लागू दे. वाळवीचं मात्र आजच बघ.

खर्च करायचाच तर संडास-बाथरूमवर कर. बाई, पाहुणा कोनाडे, बळद, दिंडी दरवाजा यांचे फोटो काढतो, पण परत यायचं की नाही हे तो बाथरूममध्ये ठरवतो. परसात नवी मोरी काढ, सांडपाण्याचा उतार भिंतीपासून दूर ठेव, गरम पाणी आणि चांगली गादी दे. वायरिंग सगळं नवं. जुन्या लाकडात जुनी वायर म्हणजे आगीला आवतण.

जुनी वास्तू राखून पाहुणे कसे ठेवतात ते कुठे पाहायचं म्हणशील तर महेश्वरला जाऊन ये. धुळ्याहून आग्रा रोडनं शिरपूर, सेंधवा ओलांडायचं, खलघाटला नर्मदा पार केली की धामणोदहून वळायचं. अहिल्याबाईंच्या राजधानीतल्या किल्ल्यात होळकरांच्या वंशातल्या रिचर्ड होळकरांनी 2000 साली राहण्याची सोय सुरू केली. भाडं आपल्या खिशाचं नाही, पण घाटावर उभं राहून किल्ला बघायला पैसे पडत नाहीत. तिथे गावही बरोबर चालतं हे बघ. हॉटेलाच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, होळकर पतिपत्नींनी 'रेहवा' काढून माहेश्वरी साडीच्या मागांना पुन्हा काम दिलं होतं. सासवडजवळचा जाधवगडही पाहिला असशील. पिलाजी जाधवरावांची गढी, आता हॉटेल. फेटे, तुतारी, सगळा थाट. मला तो जरा जास्तच वाटतो. आपल्या वाड्याला फेटा बांधायची गरज नाही.

तुझ्याकडे येणार कोण, याचाही विचार कर. अजिंठ्याचा प्रवासी धरून चालू नकोस. लेणी जळगावपासून साठेक किलोमीटर, तो तिथेच किंवा फर्दापूरला उतरेल. तुझा पाहुणा वेगळा. मंगळवारी मंगळग्रह मंदिरात येणारी कुटुंबं. लग्नाचं वऱ्हाड. साने गुरुजींनी जिथे शिकवलं ती शाळा आणि प्रतापशेठजींनी उभारलेलं तत्त्वज्ञान मंदिर पाहायला येणारा एखादा प्राध्यापक. 2024 च्या फेब्रुवारीत 97 वं साहित्य संमेलन अमळनेरला भरलं, तेव्हा हा वाडा तयार असता तर खोल्या कधीच्या भरल्या असत्या. आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पुण्यात, सुरतेत, अमेरिकेत गेलेली आपलीच माणसं. त्यांचे वाडे कधीच विकले गेले. मुलांना आजोळ दाखवायचं तर दाखवणार कुठे? ती तुझ्या ओसरीवर बंगईत बसतील. त्यांना मेन्यूकार्ड देऊ नकोस. थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी, सणाला खापरावरचे मांडे, एरवी शेवभाजी. आत्याला हाताशी घे, पण तिला फुकट राबवू नकोस, महिन्याचे पैसे ठरव.

खोल्या दोनच ठेव. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत सहा खोल्यांपर्यंत मुभा आहे, पण घरच्यांनी तिथेच राहायला हवं ही अट आहे, आणि अट चांगलीच आहे. चालवणारं माणूस पुण्यात आणि किल्ली शेजारच्या पोराकडे, असं करून वाडा टिकत नाही. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारकडे भरायची, विसरायचं नाही. राज्य सरकारचं 2023 चं 'आई' धोरण बायकांच्या पर्यटन व्यवसायासाठी आहे. 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. पर्यटन संचालनालयात जाऊन चौकशी कर, एजंटाला पैसे देऊ नकोस.

आता खरं बोलायचं ते. हा वाडा आहे कुणाचा? प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर बँक कर्ज देताना पहिलं तेच विचारेल. तू दागिने मोडून चुना लावायचास आणि चार वर्षांनी चुलतभाऊ वाटणी मागायला यायचे, हे मी आपल्याच नात्यात पाहिलंय. दादा म्हणतो, 'तू चालव, कागद कशाला?' तो मनानं सरळ आहे, पण कागद वहिनी आणि पोरांसाठीही असतो. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला आहे. ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, हे 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय. त्यामुळे सगळ्या वारसांची नावं आधी लावून घे. मग दादाशी आणि काकांच्या मुलांशी रीतसर करार कर. खर्च कुणाचा, उत्पन्नातला वाटा किती, किती वर्षं, सगळं लेखी आणि नोंदवलेलं. यात वाईटपणा आला तर माझ्या नावावर घाल, मी थोरली आहे.

दिवाळीनंतर मी येतेच आहे, तेव्हा गवंड्याशी बोलू. तोवर कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं, 'नुसती सही कर' म्हणून, तर सही करू नकोस. आधी मला फोन कर.