तापलेले इंजिन 'थंड' का वाटते?

अमेरिकेतील एखादी जुनी पिकअप गाडी डोळ्यांसमोर आणा. चालकापुढे इंजिनाचा दिवा लागतो. मेकॅनिक तपासणी-यंत्र जोडतो. संकेतांक येतो पी ०११८. (तेथे १९९६ सालापासूनच्या गाड्यांत असे संकेतांक सक्तीचे आहेत.) अर्थ असा : इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे तपमान मोजणाऱ्या मंडलात विद्युत्दाब फार वाढला आहे. नवा संवेदक बसवतात, दिवा विझतो. पण काही दिवसांनी तो पुन्हा लागतो! असे का व्हावे?

हा संवेदक म्हणजे अर्धवाहकाचा तुकडा. तपमान वाढले की त्याचा रोध घटतो. एका प्रचलित प्रकारात २० अंश सेल्सिअसला रोध सुमारे २,५०० ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३२० ओहम असतो. गाडीतील संगणक एका स्थिर रोधातून ५ व्होल्ट दाब देतो आणि संवेदकाच्या वाट्याला किती आला ते मोजतो. स्थिर रोध २,५०० ओहम आहे असे समजू. मग ८० अंशांना दाब येईल ५ × ३२० ÷ २,८२० = ०.५७ व्होल्ट.

आता जोडणीच्या पिना गंजल्या आणि ५०० ओहम रोध वाढला असे माना. एकूण ८२० ओहम झाले, दाब १.२३ व्होल्ट. पण ८२० ओहम हा तर संवेदकाचा सुमारे ५० अंशांचा रोध! इंजिन थंड आहे असे समजून संगणक जादा पेट्रोल सोडतो. हादऱ्याने सांधा पूर्ण सुटला, तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. संगणकाला तपमान वाटते उणे ४० अंश, आणि दिवा लागतो.

मग नव्या संवेदकाने दिवा विझला कसा? जोडणी काढता-घालताना पिना घासल्या गेल्या, गंज थोडा खरवडला गेला. श्रेय मात्र संवेदकाला मिळाले!

म्हणून जाणकार मेकॅनिक इंजिन बंद ठेवून, पण चावी फिरवून जोडणी काढतो. आकडा उणे ४० हवा. मग जोडणीतील दोन्ही तारा छोट्या तारेने सांधतो. आकडा एकदम खूप वर गेला, तर तारा व संगणक ठीक. संशय संवेदकावर किंवा पिनांवर. गेला नाही, तर दोष तारांत किंवा संगणकात. शेवटी तो तारा हलवून पाहतो. जेथे हलवताच आकडा उडी मारतो, तेथेच दोष.

करून पहा : रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानातून १०,००० ओहमचा थर्मिस्टर आणा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तो कोमट पाण्यात बुडवा व मल्टिमीटरने रोध मोजा. मग एकसरीत १,००० ओहमचा रोधक जोडा. पाणी तेच, पण मापन 'थंड' झाले!

संकेतांक शोध कोठे घ्यायचा ते सांगतो. दोषी कोण ते आपणच शोधायचे असते.

सांगा पाहू : संवेदकाच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर संगणकाला इंजिन कसे वाटेल?